सड्यावरची तपासणी

कोल्हापूरच्या त्या लाल गाडीत काही दोष नव्हता. दोष माझ्या हातातल्या यंत्रात होता, आणि तो मला त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधी कळला होता. हे मी कित्येक वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, ऑफिसात नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं चहा प्यायलो त्या मित्रांनाही नाही. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला जाऊन आलो, म्हणून आता लिहिता येतंय.

ज्यांनी या शर्यती पाहिलेल्या नाहीत त्यांना आधी थोडं सांगायला हवं. इंजिनीअरिंगची मुलं स्वतः एक गाडी बनवतात. एकट्याने बसायची, दार नाही, काच नाही, बसणाऱ्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. डांबरी रस्त्यावर ती चुकून आल्यासारखी दिसते. दगड, चिखल, खड्डे, चढ हेच तिचं घर. देशभरातून मुलं अशा गाड्या टेम्पोत घालून एका मैदानावर आणतात आणि शर्यत लावतात. त्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते. गाडी उलटली तर आतल्या पोराचं डोकं त्या पिंजऱ्याच्या भरवशावर असतं, म्हणून पाइपची जाडी ठरलेल्यापेक्षा केसभरही कमी चालत नाही.

मी पुण्यात गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एका कंपनीत आहे. त्या काळी हौसेने तपासणीला जायचो. त्या वर्षी पहिल्यांदाच पिंजऱ्यांच्या तपासणीचा प्रमुख होतो.

जाडी मोजायचं यंत्र हातात मावेल एवढं असतं. पाइपवर थोडी जेली लावायची, त्यावर बटणाएवढा सेन्सर टेकवायचा. आवाजाची लहर धातूतून जाऊन परत येते आणि पडद्यावर आकडा उमटतो. पण प्रत्येक धातूत आवाजाचा वेग वेगळा, म्हणून समोर कोणता धातू आहे हे यंत्राला आधी सांगावं लागतं. त्या सकाळी आमचं यंत्र बंद पडलं. ओळखीच्या एका फाउंड्रीतून दुसरं मागवलं. तिथे ते बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामाला वापरत. बिडात आवाज पोलादापेक्षा सावकाश जातो. ती सेटिंग तशीच राहिली होती. मी पाहिली नाही. यंत्र प्रत्येक पाइप आहे त्याहून पातळ दाखवणार होतं, आणि ते हातात आल्यावर रांगेत पहिली गाडी कोल्हापूरची उभी होती.

गाडी चालवणारी मुलगी हेल्मेट घालून, पट्टे बांधून आत बसली होती. तिला मी इथे स्नेहल म्हणतो. कॅप्टन होता संग्राम, उंच, गळ्याला रुमाल. मी आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, भोक पाडा की. व्हर्नियर लावून बघा.’’ पाइपला भोक पाडून व्हर्नियरच्या मापपट्टीने जाडी थेट मोजायची, अशी सोय नियमात होती. पण मागे रांग मोठी होती आणि मी नवा प्रमुख होतो. म्हणालो, ‘‘यंत्र खोटं बोलत नाही. एक तर तुम्हाला पाइपवाल्याने फसवलंय, नाहीतर तुम्ही आम्हाला.’’ हे सगळ्यांसमोर म्हणालो, आणि गाडी बाद केली. संग्राम बाजूला गेला आणि फोनवर कुणालातरी वाट्टेल ते बोलायला लागला. पाइप त्याच्या मामांच्या दुकानातला होता, हे त्याच्या ओरडण्यातून सगळ्या मैदानाला कळलं. स्नेहल बराच वेळ गाडीतून उतरली नाही.

पुढच्या गाडीचाही पाइप पातळ निघाला. ती एका मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजची होती. त्या मुलांबद्दल मला संशय आला नाही, यंत्राबद्दल आला. हेही लिहून ठेवायला हवं. मी सेटिंग पाहिली, बदलली, पुन्हा मोजलं. गाडी पास. मान वर केली तर कोल्हापूरचा टेम्पो गेटपाशी लिंबाखाली उभा होता. मुलं गाडी वर चढवून दोरीने बांधत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी जेवायला गेलो.

त्यानंतर मी कधी तपासणीला गेलो नाही. कामं वाढली असं सांगत राहिलो. मग गेल्या दिवाळीनंतर एका मुलीचा फोन आला. कोल्हापूरच्या त्याच कॉलेजची, नाव ऋतुजा, यंदाच्या संघाची कॅप्टन.

‘‘सर, खऱ्या शर्यतीआधी आमच्या गाडीची एकदा कडक तपासणी करून पाहिजे. याल का? आमचे संग्रामदादा म्हणाले, बोलवायचं तर तुमालाच.’’

कोण संग्राम, हे मी विचारलं नाही. येतो म्हणालो.

शिरोली

शिरोली एमआयडीसीत उतरलो तेव्हा सकाळचं ऊन भट्ट्यांच्या पत्र्यांवर चढलेलं होतं. हवेत जळक्या वाळूचा वास. संग्रामचं गॅरेज एका ओतकामाच्या कारखान्यामागे आहे. बोर्ड नाही. दारात पाच-सहा जीपा उभ्या, त्यांतली एकही सरळ उभी नाही. कुणाचं एक चाक काढलेलं, कुणाचं नाक उचललेलं.

पुण्यात माझ्या ओळखीचे लोक असल्या गाड्या रविवारच्या हौसेला घेतात. धुऊन पुसून डोंगरावर नेतात, चिखल लावून आणतात, फोटो काढतात. इथे हौस हा शब्द कुणी काढला नाही. एक जीप राधानगरीकडच्या एका दूधवाल्याची होती. वाडीवरून दुधाचे कॅन खाली आणताना ओढ्यातल्या दगडाला तिचं पोट लागायचं, म्हणून ती उंच करून पाहिजे होती. दुसरी जुनी वडापची, गावोगावचे प्रवासी वाहणारी, माणसांनी खच्चून भरून तिच्या स्प्रिंगच्या पाट्या बसलेल्या.

संग्राम जीपखालून सरकत बाहेर आला. केस कमी झालेले, पोट थोडं आलेलं, गळ्याला रुमाल तोच असावा असा. हात पुसून माझ्याकडे बघत राहिला.

‘‘आलासा,’’ म्हणाला. ‘‘बरं झालं. च्या घ्या.’’

‘‘बसमधून उतरल्या उतरल्या घेतला आत्ताच.’’

‘‘त्यो बसचा. ह्यो आमचा.’’

पुण्यात नको म्हटलं की विषय संपतो. इथे नको म्हटलं की कप येतो. त्याला मी आठवत होतो की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळेना. आठवत नसतो तर मला बोलावलं कशाला असतं? आणि आठवत असेल तर चहा कसा पाजतोय?

गॅरेजच्या चौकटीवर, जिथे आपण लिंबू-मिरची बांधतो, तिथे तारेत ओवलेल्या लोखंडी चकत्यांची माळ होती. पाइप कापल्यावर पडते तशी बोटभर रुंदीची चकती, अशा कितीतरी. आतल्या भिंतीवर आणखी माळा. संघाची नवी गाडी मध्ये उभी होती, पिवळी, आणि तिच्याही पिंजऱ्याला एक माळ लटकत होती.

‘‘हे काय गं?’’ मी ऋतुजाला विचारलं. ती चष्म्यावर वेल्डिंगचा काळा चष्मा चढवून फिरत होती.

‘‘चकत्या. पाइप आला की आदी दोनी टोकांच्या चकत्या कापायच्या. व्हर्नियर लावायचा, आकडा कोरायचा. मगच वेल्डिंगला हात लावायचा. माळ गाडीसंगं जाती. कोण म्हणालं पातळ हाय, की चकती हातात द्यायची. तूच मोज म्हणायचं.’’

‘‘कुणाची कल्पना?’’

‘‘दादांची. लई जुनी पद्धत हाय. का पाडली ते दादा सांगत न्हाईत. आम्ही इचारलं तर म्हणतात, गप कापा.’’

संग्राम पाठमोरा पाने आवरत होता. माझा चहा गार झाला होता, तो मी एका घोटात संपवला.

गारगोटीच्या वाटेवर

चाचणी भुदरगडच्या बाजूला, गारगोटीच्या पुढे एका सड्यावर घ्यायची ठरली होती. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट रान. पावसाळ्यात त्यावर फुलं येतात, बाकी वर्षभर तांबडा दगड आणि वाळलेलं गवत. मुलं पिवळी गाडी टेम्पोत घालून पुढे गेली. मी संग्रामच्या जीपमध्ये.

उसाचा हंगाम होता. रस्ताभर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगराएवढा ऊस. संग्राम त्यांच्या मागे निवांत चालवत होता. एरवी मी अशा वेळी घड्याळ बघतो. त्या दिवशी वाटलं, जाऊ दे, असंच चालू दे.

वाटेत एका गुऱ्हाळापाशी थांबलो. ताज्या गुळाचा खडा हातावर आला, चटका देणारा. गुऱ्हाळवाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘पावणं पुण्याचं काय?’’

‘‘कशावरनं ओळखलंत?’’

‘‘रुमाल अंथरून बसलासा की.’’

मी बाकावर खरंच रुमाल अंथरला होता. संग्राम त्या दिवशी पहिल्यांदा हसला. ‘‘काका, ह्यांना हलकं घिऊ नका. लई कडक मानूस हाय. आमची गाडी बाद केलती ह्यांनी.’’

म्हणजे आठवत होतं. त्याने ते इतक्या सहज सांगितलं, की गुळाचा खडा माझ्या तोंडात तसाच राहिला.

‘‘बाद केली आनि वर गूळ चारतोस व्हय?’’ गुऱ्हाळवाला म्हणाला.

‘‘गूळ तुमचा हाय. माझं काय जातंय?’’

ओढ्यात

गारगोटी ओलांडल्यावर डांबर संपलं. सड्याच्या पायथ्याशी एक ओढा आहे. टेम्पो वळसा घालून पुलावरून गेला होता. संग्राम म्हणाला, ‘‘पुलावरनं जायला जीप कशाला पाहिजे?’’ आणि जीप सरळ ओढ्यात घातली.

मध्यावर पोचलो आणि पुढचं डावं चाक खचलं. त्याने चारी चाकांना जोर दिला, मागे-पुढे केलं. चाकं जागच्या जागी फिरत खोल जात राहिली. ओढून काढायची तार मुलांच्या टेम्पोत होती. मी उतरून मदत करायला गेलो तर माझा बूट चिखलाने ओढून घेतला आणि पाय मोकळाच वर आला. संग्रामने वर जाऊन कुणाला तरी फोन केला आणि परत येऊन बॉनेटवर बसला.

‘‘ट्रॅक्टर येतोय. ऊस उतरून. बसा.’’

मी एका बुटाने त्याच्या शेजारी बसलो. पाणी वाहत होतं, पलीकडे म्हशी. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, ‘‘संग्राम, त्या वर्षी तुमचा पाइप बरोबर होता.’’

‘‘ठाऊक हाय की.’’

‘‘ठाऊक आहे?’’

‘‘दुसऱ्या दिवशी गॅरेजात ग्राइंडर लावला. चकती पाडली, व्हर्नियर लावला. जाडी पायजे त्यापेक्षा जराशी जास्तच. तीच पयली चकती. दारावरच्या माळंत हाय.’’

‘‘मग कळवलं का नाही कुणाला?’’

‘‘शर्यत झालती. मैदान रिकामं. कुनाला कळवू? आनि तुमी काय मुद्दाम केलं न्हवतं सर. मशीन चुकतंय. मानूसबी चुकतंय. मला राग आला तो माझाच. भोक पाडा म्हनून अडून बसायला पायजे हुतं, ते सोडून मामाला शिव्या दिल्या. तवापासनं ठरवलं, मोजायचं आपल्या हातानं. म्हनून तर पोरांना म्हटलं तुमास्नी बोलवा. तुमच्यासारखा कडक मानूस बघितला न्हाय. चुकला, पन कडक.’’

माझं काम झालं होतं. इतकी वर्षं जे उचलून फिरत होतो ते त्याने स्वतःच खाली उतरवून ठेवलं होतं, आणि वर मला कडकही म्हणाला होता. मशीन चुकतं. इथे गप्प बसलो असतो तर आम्ही दोघं हसत सड्यावर गेलो असतो. मी गप्प बसलोही. म्हशी बघत होतो. मग लक्षात आलं की त्या दिवशी जेवायला जाताना मी नेमका असाच गप्प होतो, अगदी अशीच मान वळवून.

‘‘मुद्दाम नव्हतं,’’ मी म्हणालो. ‘‘पण मला त्याच दुपारी कळलं होतं. यंत्र बिडावर लावलेलं होतं. मी ते बदललं आणि तुमच्या मागच्या गाडीला पास केलं.’’

तो माझ्याकडे वळला.

‘‘आमी कुठं हुतो तवा?’’

‘‘गेटपाशी. लिंबाखाली. तुम्ही मागचं चाक दोरीने बांधत होता.’’

‘‘दिसत हुतो?’’

‘‘दिसत होता.’’

त्याने गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, ‘‘मग जेवलासा का त्या दुपारी?’’

‘‘जेवलो.’’

‘‘काय हुतं?’’

मला वाटलं होतं विसरलो असेन. विसरलो नव्हतो. ‘‘पुलाव. आणि जिलेबी.’’

‘‘जिलेबी खाल्लासा?’’

‘‘खाल्ली.’’

‘‘आमी टेम्पोत शेंगदानं खाल्लं,’’ तो म्हणाला. ‘‘स्नेहलनं तेबी न्हाय.’’

तो बॉनेटवरून उतरला, पाण्यात उभा राहिला, खचलेल्या चाकाशी उगाच एक दगड सरकवला. मी काहीतरी बोलायला लागलो, तसा हात वर केला. ‘‘सर, मला राग येतोय. जरा गप बसा.’’

मी गप्प बसलो. हे गप्प बसणं वेगळं होतं. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, पुढे काय होणार ते माहीत नव्हतं, बूट चिखलात होता, आणि मला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटत होता. असं वाटण्याची लाजही वाटली.

ट्रॅक्टर आला. चालवणारा आमच्याकडे बघून ओरडला, ‘‘काय संग्रामशेठ, चारी चाकं फिरत्यात म्हनं तुमच्या गाडीची?’’

‘‘फिरत्यात की. जाग्यावर.’’

‘‘पावन्यांना पवायला आनलं काय?’’

‘‘पावनं लई दिवस बुडालेलं हुतं,’’ संग्राम माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘‘ओढून काढ.’’

साखळी लावली, जीप चिखलातून सुटली. ट्रॅक्टरवाल्याने माझा बूटही काठीने उपसून दिला. वर चढताना संग्राम एवढंच बोलला, ‘‘पोरांना सांगायचं. आज. सगळं.’’

‘‘हो.’’

‘‘जिलेबीसकट.’’

सड्यावर

सड्यावर वारा होता. खाली हिरवे उसाचे पट्टे, वर नुसता तांबडा दगड. मुलांनी गाडी उतरवून चुन्याने रेघा मारल्या होत्या. डबे उघडलेले होते: ज्वारीची भाकरी, खर्डा, दह्यात कालवलेला कांदा. आधी जेवूया, असं ऋतुजा म्हणाली. मी म्हणालो, आधी मला थोडं बोलायचंय.

दगडावर उभा राहून सांगितलं. ऑफिसात मी भाषणं टाळतो, पण हे भाषण नव्हतं. यंत्र, सेटिंग, मागची श्रीमंत कॉलेजची गाडी, लिंबाखालचा टेम्पो, पुलाव, जिलेबी. मुलं भाकरी हातात धरून ऐकत होती. त्यांच्या चेहऱ्यांवर मी जे शोधत होतो ते दिसेना. त्यांना राग आला नाही, वाईटही फारसं वाटलं नाही. ते त्यांच्या शाळेच्या दिवसांतलं होतं. संपल्यावर ऋतुजाने हात वर केला.

‘‘सर, मग आज मशीन कशावर सेट हाय?’’

सगळे हसले. मीही. पण ती हसत नव्हती. ती गाडीकडे गेली, माळेतली एक चकती सोडवली, माझ्यापुढे धरली. ‘‘ह्याच्यावर आदी दाखवा.’’

मी जेली लावली, सेन्सर टेकवला. तिने व्हर्नियरने तीच चकती मोजली, तिच्यावर कोरलेला आकडा वाचला, माझ्या पडद्यावरचा वाचला, मग संग्रामकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तेव्हा मला गाडीला हात लावू दिला.

इतक्या वर्षांत इतकी चांगली तपासणी मी केली नव्हती. एकेक पाइप, एकेक जोड. जिथे शंका आली तिथे मुलांनीच दिवा धरून पुन्हा पाहिलं. सीटच्या पट्ट्याचा एक नट साधा होता; धक्क्यांनी सैल न होणारा हवा होता. ते सांगितल्यावर पूर्वीची मुलं करायची तशी हुज्जत कुणी घातली नाही. एकाने पाना लावला, नट फिरवून बघितला, ‘‘बरोबर हाय सरांचं’’ म्हणाला. ते तीन शब्द मला कुठल्याही दाखल्यापेक्षा मोठे वाटले.

मग ब्रेकची चाचणी. गाडी जोरात आणायची, ब्रेक दाबायचा, चारी चाकं एकदम थांबली पाहिजेत. चुन्यावर काळ्या रेघा उमटल्या, चार, सरळ. मुलांनी माना खाली घालून त्या रेघा पाहिल्या आणि मगच आरडाओरडा केला.

जेवण झाल्यावर संग्राम हेल्मेट घेऊन माझ्यापाशी आला. ‘‘बसा.’’

‘‘मी?’’

‘‘आजवर कितीक गाड्या बाद केलासा. आत कवा बसलासा?’’

बसलो नव्हतो कधी. पोट आवरून आत शिरायला वेळ लागला. मुलांनी पट्टे आवळले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक खालून. हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येतो. त्या पट्ट्यांत माणूस गाडीपासून वेगळा राहत नाही, तिचाच एक भाग होतो. त्या दिवशी ती मुलगी बराच वेळ उतरली नाही, आणि मी मनात म्हणालो होतो की नाटक करतेय. पट्टे सोडणं म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एक फेरी मारली. पहिल्या खड्ड्यात दात आपटले, दुसऱ्यात ओरडलो, चढावर चाकांखालून तांबडा मुरूम उडाला आणि वर पोचल्यावर समोर नुसतं आभाळ आलं. मी मोठ्याने हसत होतो हे मुलांनी नंतर सांगितलं. परत आलो तेव्हा मिशीपर्यंत लाल झालो होतो.

पट्टे सोडवताना संग्राम वाकून म्हणाला, ‘‘स्नेहलला ही एवढी फेरीबी मिळाली न्हाय.’’

मामांकडे

परतताना त्याने गाडी गारगोटीत एका घरापाशी उभी केली. दुकान मुलाच्या हाती देऊन त्याचे मामा आता गावी राहतात. ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. संग्राम म्हणाला, ‘‘मामा, हे ते. तुमच्या पाइपला पातळ म्हणालेले.’’

मामांनी शेंग फोडायची थांबवली. मी पुन्हा सगळं सांगितलं.  त्यांनी संपूर्ण ऐकलं.

‘‘मी सांगत हुतो की ह्याला,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या दुकानातनं पातळ पाइप गेला न्हाय कवा. ऐकतोय कुठं! त्या दिवशी फोनवर ह्यो मला काय काय बोलला, ते मी ह्याच्या आईलाबी सांगितलं न्हाय.’’

‘‘दुसऱ्या दिवशी पाया पडलो की, मामा.’’

‘‘पडलास. पन दुकानात पडलास, शिव्या मैदानात दिल्यास.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘पावणं, तुमीबी तसंच केलासा. मैदानात बोललासा, आनि ओसरीवर माफी मागालासा.’’

मी म्हणालो, ‘‘लिहितो. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो.’’

‘‘लिवा,’’ मामा म्हणाले. ‘‘दुकानाचं नाव घालू नका, फुकट जाहिरात नको. पाइप बरोबर हुता एवढं लिवा.’’

पाइप बरोबर होता.

मग घरातून अख्खा मसूर आणि भाकरी आली. आम्ही सड्यावर जेवलो होतो, हे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. मामींनी ताटात दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मामा म्हणाले, ‘‘वाढ की अजून. जिलेबी न्हाय आज, म्हनावं.’’ म्हणजे तेही लक्षात ठेवलं होतं.

संध्याकाळी राजारामपुरीत संग्रामने मला उतरवलं. मुलांनी तिथल्या एका गाडीवर लोणी डोसा खायला घातला, तेव्हा पोटात जागा नव्हती, तरी खाल्ला. क्लास सुटलेल्या मुलांची गर्दी, दुचाक्या, आणि मध्ये मी, लाल मातीने माखलेला, कुणी वळूनही बघत नव्हतं. फार हलकं वाटत होतं. ऋतुजाने निघताना ती चकती माझ्या हातात दिली, जिच्यावर माझं यंत्र तपासलं होतं. ‘‘माळंत दुसरी घालतो आम्ही. ही तुमाला. यंत्रासंगं ठेवा.’’

संग्रामचा निरोप घेताना मी हात पुढे केला. त्याने तो धरला, पण लगेच सोडला नाही.

‘‘सर, माझं मिटलं, असं म्हनत न्हाय मी. आज रागात हाय, उद्या बघू. पन शर्यतीला या. पोरांची तपासणी कोन करतंय ते बघायला.’’

‘‘येतो.’’

‘‘आनि स्नेहल नागपूरला असती. गाड्यांचं सगळं तिनं त्याच वर्षी सोडलं. फोन नंबर देतो. पन फोनवर सांगू नका.’’

नंबर माझ्याकडे आहे. चकती टेबलावर, यंत्राच्या पेटीत. मुलांच्या शर्यतीला गेलो होतो. त्यांची गाडी पहिल्याच फेरीत तपासणीतून सुटली, आणि संग्रामने मला दुरून हात केला. नागपूरला मात्र अजून गेलेलो नाही. दोनदा तिकीट काढायला बसलो आणि उठलो. तिचं खरं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण ते लिहिण्याआधी तिला विचारायला हवं, आणि विचारण्याआधी सांगायला हवं.

तिला मी एक शर्यत देणं लागतो. ती आता मला देता येणार नाही. तिच्यासमोर बसून खरं काय झालं ते सांगणं मला देता येईल, आणि ते अजून दिलेलं नाही.